ग्रहांच्या सावल्या आणि पडद्यावरचं नाव

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
दि. २४ नोव्हेंबर २००४

राजमान्य राजश्री धोंडीराम बापू, मुक्काम नेसरी, तालुका गडहिंग्लज, यांच्या सेवेशी कोल्हापुराहून जोतीराम पाडळकर याचा कोपरापासून नमस्कार.

(वरचं सगळं पोस्टमनसाठी. आता आपल्यातलं.)

धोंडीराम, तुझं पत्र दसऱ्याला आलं. त्यात तू उत्तर उलट टपाली मागितलं होतंस. उलट टपालाला यंदा महिना लागला, तो का लागला ते पुढे येईलच. आधी तब्येत. तुझ्या गुडघ्याला डॉक्टरने जिना वर्ज्य केलाय हे वाचून मला दोन मिनिटं हसू आवरेना. स्टुडिओच्या छताला टांगलेल्या तराफ्यावर तू तीस वर्षं माझ्याबरोबर दिवे ओढत पळत होतास, खाली नटी उभी असली तर जरा जास्तच पळत होतास, तेव्हा गुडघ्याने कधी तक्रार केली नाही. आता म्हशीला पेंड घालायला दोन पायऱ्या चढायच्या म्हटल्या की तो दुखतो. गुडघा हुशार आहे, एवढंच म्हणतो. म्हैस कशी आहे? वहिनींना नमस्कार. नात वर्षाराणी इंग्रजी शाळेत पहिली आली असं तू लिहिलंयस, तेही तीन वेळा लिहिलंयस, तेव्हा ते मी वाचलं आहे याची नोंद घ्यावी.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात ठीक काहीही नाही. विठाबाई वाचायला शिकली.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. मीच तिला म्हणालो, जा, तेवढाच तुझा वेळ जाईल. (माझी समजूत अशी की चार दिवस पाटी काखेत मारून जाईल, पाचव्या दिवशी कंबर धरून घरी बसेल. पस्तीस वर्षांच्या संसारात मी विठाबाईबद्दल जेवढे अंदाज केले त्यांतला हा सर्वांत मोठा.) ती एक दिवस चुकली नाही. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा लुगडं वर खोचून गेली. आता ती दुकानांच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते, किराणा बांधून आलेला कागद वाचते. आमटी उतू जाते आणि ही गेल्या महिन्यातल्या कागदावरची निधन वार्ता वाचून हळहळते. इथपर्यंत मी सोसलं. पण दसऱ्याला कबनूरला दिलेली आमची लेक मीना आली आणि आईला सीडी लावायचं यंत्र देऊन गेली. त्या यंत्राला चित्र जागच्या जागी थांबवायचं बटण आहे.

आता तुलाही घाम फुटला असेल. नसेल फुटला तर आठवण करून देतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या थोरल्या चुलत्याने बैठकीत छाती काढून सांगितलं होतं, की पोराचं नाव पिक्चरच्या पडद्यावर येतं. मुलगी त्यावर दिली. लग्नानंतर पहिला पिक्चर बघायला गेलो, नावं सुरू झाली, ती हळूच म्हणाली, "कुठलं वो तुमचं?" काय करणार? मी बोट केलं, म्हटलं, ते बघ, तिसरं. तेव्हापासून पस्तीस वर्षं मी दर पिक्चरला तिसऱ्या नावाकडे बोट करत आलोय. तिसरं नाव कधी कपडेवाल्याचं असे, कधी मिशा चिकटवणाऱ्याचं, एकदा तर नाचाच्या बाईचं होतं. आपलं नाव कधी आलं, धोंडीराम? "प्रकाश : स्टुडिओ कामगार", आलं तर एवढंच. आणि तू, माझ्या शेजारी बसून, "व्हय वैनी, चांगलं ठसठशीत अक्षरात हाय की" अशी साक्ष द्यायचास आणि त्याची फी म्हणून मध्यंतरात माझ्याकडून भजी हाणायचास. या गुन्ह्यात तू बरोबरीचा भागीदार आहेस, हे विसरू नकोस.

तर दसऱ्यापासून विठाबाई चार-चार दिवसांनी दुपारी आपल्या काळातला एक पिक्चर लावते. नावं आली की बटण दाबते, चष्मा पदराने पुसते, टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत सगळी पाटी वाचते. मग बटण सोडते, पुढची पाटी आली की परत दाबते. सात पिक्चर झाले. मला अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. विचारलं असतं, भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाची मला सवय आहे. ती नुसती चष्मा काढून ठेवते आणि भाजी निवडायला बसते. मला त्या वेळी घरात बसवत नाही. लाज वाटते रे, खरंच सांगतो. या वयात बायकोपासून तोंड लपवत नदीच्या घाटावर जाऊन बसायची पाळी आली. तेव्हा मी ठरवलं, की तिचे पिक्चर संपायच्या आत कुठल्या ना कुठल्या पडद्यावर आपलं नाव खरोखरचं आणायचं. चौसष्टाव्या वर्षी. स्टुडिओला कुलूप लागून बारा वर्षं झाल्यावर. काम सोपं होतं, नाही?

आता इथे आमच्या माडीवरचा प्रसेनजीत येतो. तो आमचा भाडेकरू. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला गोड; खोट एकच, पुण्याची भरल्या पगाराची नोकरी सोडून तो आमच्या माडीवर बसून संगणकावरचे खेळ तयार करतो. खेळ म्हणजे पत्ते किंवा सोंगट्या नव्हेत. आकाशात एक सूर्य, भोवती सात ग्रह. खेळणाऱ्याने एका ग्रहावर बसायचं, खाणी खणायच्या, विमानं बांधायची, ती दुसऱ्याच्या ग्रहावर पाठवून तिथला माणूस हाकलायचा आणि सातही ग्रहांचा पाटील व्हायचं. म्हणजे आपल्या इथे बांधावरून जे चालतं तेच, फक्त कोर्टाच्या तारखा नाहीत. हा खेळ पुण्याच्या एका कंपनीला हवा होता आणि त्यांनी कळवलं होतं, की बाकी सगळं छान, पण ग्रहांवरचा उजेड आणि एका ग्रहाची दुसऱ्यावर पडणारी सावली अगदी खऱ्यासारखी पाहिजे. वीस नोव्हेंबरला आम्ही बघायला येतो.

मी उजेडात जन्म घालवलाय हे कळल्यावर प्रसेनजीत चहा घेऊन खाली आला. म्हणाला, "काका, जरा वर येऊन बघता काय? कायतरी चुकतंय, पर काय ते कळंना." मी म्हटलं, येतो, पण अट आहे. खेळ संपल्यावर नावं येतात ना? त्यात माझं नाव आलं पाहिजे. मधे कुठेतरी दडपून नको, वेगळ्या ओळीवर. तो म्हणाला, कंपनीने खेळ घेतला तर नक्की. घेतला नाही तर नावं बघायला आहेच कोण. झालं, सौदा ठरला. (विठाबाईला सांगितलं, की माडीवर पत्रा गळतोय तो बघायला जातो. नोव्हेंबरात.)

वर गेलो आणि पडद्यात पाहिलं तर काळं. चष्मा पुसून पाहिलं, तरी काळं. डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका आणि त्याच्या बाजूने सात ग्रहांच्या सात चकत्या, नारळाची पातळ कापं मांडावीत तशा. म्हटलं, ग्रह कुठं आहेत? तो म्हणाला, हेच ग्रह, अर्धे उजेडात, अर्धे अंधारात. अवकाशात हवा नाही, दिवा एकच, म्हणून जिथे ऊन नाही तिथे ठार काळोख, हेच खरं आहे. मी म्हटलं, बाबा, खरं असेल, पण मला दिसत नाही. आणि धोंडीराम, तो पोरगा मला, ज्याने दिव्याला निळा कागद लावून अमावास्येला चांदणं पाडलंय त्या मला, समजावून सांगायला लागला की अंधार दिसतच नसतो.

मग मी बोललो. तीस वर्षांत कुठल्या कॅमेरावाल्यासमोर बोललो नव्हतो ते सगळं बोललो. म्हटलं, अंधार दाखवायचा म्हणजे दिवा बंद करायचा नव्हे. दिवा बंद करायला माणूस कशाला लागतो? अंधाराला सगळ्यांत जास्त दिवे लागतात. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे अंधार आहे, त्यात विहीर आहे, आणि विहिरीपाशी खलनायक उभा आहे. नाहीतर तो बापडा तिथे उभा राहून काय उपयोग? तो म्हणाला, काका, पण खऱ्यासारखं पाहिजे. मी म्हटलं, खऱ्यासारखं पाहिजे ना? मग तुझी पृथ्वी सूर्यापासून चार इंचांवर कशी? सातही ग्रह तू एस. टी.त बसवल्यासारखे मांडीला मांडी लावून बसवलेस, तिथे खरेपणा आठवला नाही, आणि उजेड द्यायच्या वेळी बरा आठवला! एवढे जवळ बसवल्यावर पहिल्याची सावली दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, शेवटच्याला बिचाऱ्याला जन्मात ऊन नाही. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, हेही मी त्याला सांगितलं. लहान दिव्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते, मोठ्या दिव्याची कड मऊ असते, हे आपल्याला पहिल्या महिन्यात मार खाऊन कळलं होतं. ग्रहाहून सूर्य मोठा, तर सावली पुढे निमुळती होत संपली पाहिजे. याची सावली ड्रेनेजच्या पाइपासारखी सरळ जात होती, जिथे आकाश संपतं तिथपर्यंत.

एवढं सांगूनही त्याची मान अर्धीच हलली. म्हणून मी प्रात्यक्षिक लावलं. स्टुडिओचं भंगार निघालं तेव्हा मी एक छोटा दिवा, आपली ती बेबी, आणून माळ्यावर टाकली होती. (तू तेव्हा म्हणाला होतास, हिचं काय लोणचं घालणार? हे घे लोणचं.) दुपारी खिडक्यांना घोंगडी टांगली. तालमीतून पांढरा फुटबॉल आणला, तो झाला ग्रह. चंद्र म्हणून वाडीच्या दत्ताला वाहायला विठाबाईने आणून ठेवलेला नारळ उचलला. दोन्ही आढ्याला सुतळीने टांगले आणि सूर्य म्हणून बेबी पेटवली. फुटबॉल एका अंगाने लखलखला. आणि नारळाची सूर्याकडची नव्हे, फुटबॉलकडची बाजू, जी याच्या हिशोबाने ठार काळी असायला हवी होती, तिच्यावर मऊ उजेड आला. शेंडी दिसली. शेंडीचे केस मोजता आले असते. फुटबॉलने आपल्या थर्माकोलचं काम केलं होतं, अंगावरचा उजेड उचलून नारळाच्या सावलीत टाकला होता. प्रसेनजीत जमिनीवर बसला. म्हणाला, "काका, आमावस्येच्या आसपास चंद्राची काळी बाजू दिसती की थोडी! ती पृथ्वीच्या उजेडानं!" मी म्हटलं, बरोबर, देवाने पृथ्वीचा थर्माकोल धरलाय. एवढं बोलतोय तोच फट् आवाज झाला आणि गल्लीचा फ्यूज उडाला. गल्लीने ते लोडशेडिंग समजून मुकाट्याने सोसलं. मी खुलासा केला नाही. विठाबाई वर आली, सुतळीला टांगलेला दत्ताचा नारळ पाहिला, तो सोडवला, पदराखाली घेतला आणि खाली गेली. पत्र्याची सबब त्या दिवशी संपली.

पुढे सगळं सुरळीत झालं असेल असं तुला वाटत असेल. दोन दिवसांनी प्रसेनजीतने मला मोठ्या उत्साहाने वर बोलावलं. त्याने प्रत्येक ग्रहाला परतणाऱ्या उजेडासाठी एकेक दिवा जोडला होता. सूर्य धरून आठ दिवे. आणि प्रत्येक दिव्याची सावली वेगळी. एकेका ग्रहामागे सावल्यांचा पिसारा फुटला होता. धोंडीराम, नायकाच्या मागे भिंतीवर दोन सावल्या पडल्या म्हणून आपल्याला किती शिव्या बसायच्या? इथे एकोणपन्नास होत्या. आणि मधल्या एका ग्रहाची सावली उलटी फिरून थेट सूर्यावर पडली होती. सूर्यावर सावली! मी डोळे मिटून घेतले. त्याला म्हटलं, सावली फक्त मालकाच्या दिव्याला असते. हाताखालच्या दिव्यांनी नुसता उजेड द्यायचा, सावली पाडायची नाही, कुणाच्या नजरेला यायचं नाही आणि कुणाला कळू द्यायचं नाही की आपण होतो. (हे सांगताना माझा आवाज जरा चढला. कारण तुला कळेल.) त्याने कसली तरी एक ओळ खोडली आणि बेचाळीस सावल्या गेल्या. आपल्याला या कामाला चार माणसं, तीन कापडं आणि एक अख्खी सकाळ लागायची. एक ओळ खोडली! मला त्याचा हेवा वाटला आणि रागही आला.

मग मात्र बसलो दोघं मांडी घालून. पंधरा दिवस रोज सकाळी नऊपासून. सावलीची कड मऊ केली. सावलीचा आतला भाग निळसर केला, अगदी एक थेंब निळं, जेणेकरून तिथली विमानं नुसती जाणवावीत. तांबडा ग्रह शेजारच्याच्या काळ्या बाजूवर थोडी तांबूस झाक टाकायला लागला. एका ग्रहाची सावली सरकत दुसऱ्यावर चढते, अर्धा ग्रह झाकते आणि उतरते, तेवढं नुसतं बघत आम्ही चहा थंड करायचो. खोटं बोलणार नाही, जन्मात एवढं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. स्टुडिओत दिवा कुठे ठेवायचा हे दुसरा सांगायचा. इथे पहिल्यांदा मी सांगत होतो.

तयार झाल्यावर प्रसेनजीत म्हणाला, आता परक्या माणसांकडून खेळून घेऊ. तालमीतले आठ गडी बोलावले, चार-चारच्या दोन बाजू केल्या. खेळ सुरू झाला, दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी आपली सगळी विमानं एकेका ग्रहाच्या सावलीत नेऊन लावली आणि बसले. शत्रूला सावलीतलं नीट दिसत नाही ना, म्हणून. बाहेर कुणी येईना. तासभर झाला. एकजण म्हणाला, "तुमी या की भाईर पावणं." पलीकडचा म्हणाला, "तुमी या आदी. आमी हितं निवांत हाय." लढाई नाही, काही नाही, वैशाखात झाडाखाली गाड्या सोडल्यासारखी दोन सैन्यं सावलीत पडून राहिली आणि खेळणाऱ्यांनी खाली विठाबाईला चहा सांगितला. प्रसेनजीत कपाळ धरून बसला. मी मनातून खूश. सावलीत जाऊन बसावंसं वाटलं, म्हणजे सावली झकास पडली होती. (शेवटी त्याने सावलीत विमानांचं इंधन लवकर संपेल अशी तजवीज केली. तेव्हा कुठे लढाईला तोंड लागलं.)

वीस तारखेला पुण्याचे दोन पाहुणे आले. बोलायला नम्र, दर वाक्याला "एक्चुअली". मी इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा. प्रसेनजीतने आपल्या यंत्रावर खेळ दाखवला. तांबड्या ग्रहाची सावली तिसऱ्या ग्रहावर चढली तेव्हा मोठा पाहुणा खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "वा!" हा एक "वा" मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, लिहून ठेव. मग त्याने पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. म्हणाला, आमच्या गिऱ्हाइकांकडे एक्चुअली अशी साधी यंत्रं असतात, यावर बघू. त्यावर लावल्याबरोबर सगळं आकाश चिखलात रुतलं. सावली इंचभर सरकायला एवढा वेळ लागला की धाकटा पाहुणा मधल्या वेळात फोनवर बोलून आला. मोठ्याने इकडेतिकडे शोधलं, कुठल्या तरी यादीत त्याला "सावल्या : चालू" असं सापडलं, त्याने तिथे बोट दाबून "सावल्या : बंद" केलं. खेळ वाऱ्यासारखा पळायला लागला. सातही ग्रह एकसारखे उजळले, लग्नाच्या हॉलमधल्यासारखे. पाहुणा म्हणाला, "परफेक्ट. असाच द्या. खेळ सुरू होताना सावल्या बंदच असू देत, ज्याला हौस असेल तो चालू करून घेईल."

म्हणजे बघ. पंधरा दिवसांची मेहनत, दत्ताचा नारळ आणि गल्लीचा फ्यूज, आणि त्या सगळ्याचं झालं एक बटण, आणि तेही आधीच बंद करून ठेवलेलं. स्टुडिओत निदान दिवा पेटवून झाल्यावर विझवायचे. मी पाहुण्यांना चहा दिला, हसून निरोप दिला आणि घाटावर जाऊन बसलो.

पण खेळ त्यांनी घेतला, तेव्हा प्रसेनजीतने शब्द पाळला. काल दुपारी त्याने वर बोलावून नावं दाखवली. आहे, धोंडीराम! वेगळ्या ओळीवर, एकट्याचं, मागे काळं आकाश. मी पळत खाली गेलो, (माझा गुडघा ठीक आहे,) विठाबाईच्या हातातली भाजी काढून ठेवली आणि तिला वर आणलं. तिने चष्मा लावला, पडद्याजवळ गेली, बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. बोट पुढे सरकेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नावं सगळी इंग्रजीत होती. मी म्हटलं, ते बघ, तिसरं. आणि ते खरंच तिसरं होतं! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिसरं नाव माझं होतं! तिने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "व्हय, दिसलं," आणि खाली जाऊन उरलेली भाजी चिरायला बसली. धोंडीराम, ते "दिसलं" मी पस्तीस वर्षं ऐकतोय, अगदी तसंच होतं. खरं बोललो तेव्हाही तेच ऐकायला मिळालं.

असो. इथे थंडी पडू लागली आहे. गुऱ्हाळं सुरू झाली असतील, काकवीचं बघ. लहानांस आशीर्वाद, मोठ्यांस नमस्कार, म्हशीस जे काय योग्य असेल ते. पत्राचं उत्तर तुझ्या सवडीने दे, तुला सवडच आहे.

तुझा,
जोतीराम

ता. क. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बघ. काही उपयोग होत नाही, पण वहिनींना वाटतं आपण काहीतरी करतोय.

आणखी ता. क. मूळ मुद्दा राहिला. येत्या रविवारी वर्षाराणीला इकडे पाठव. तिने आजीच्या शेजारी बसून ते नाव मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढंच. पोरीचं विठाबाई ऐकेल. तू स्वतः मात्र येऊ नकोस. तुझी साक्ष निघाली की तिला खात्रीच पटेल की यातही काहीतरी काळंबेरं आहे.

आणखी एक ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल. इकडे कुणाला दाखवण्याचा प्रश्न नाही, पाकीट चिकटवायला आणि पेटीत टाकायला नेहमीप्रमाणे विठाबाईकडेच देतोय. मंडईला जाताना तिला पोस्ट वाटेवरच पडतं.

धोंडीराम भावजी यांस विठाबाईचा नमस्कार. पाकीट चिकटवाय दिलं ते उगडं हुतं. मी वाचलं. दोन तास लागलं. जोडाक्षरं लई घातल्यात.

नाव नव्हतं हे मला आज कळलं. सात पिच्चर बघितलं. मला वाटायचं माजंच वाचन कच्चं हाय, म्हनून तेंचं नाव माज्या हाताला लागंना. तेंचं नाव वाचाय यावं म्हनूनच मी एक दीस बी वर्ग बुडवला न्हाई. लई राग आलाय. दोगांचा बी.

वर्षाराणीला धाडू नका. तिची शाळा बुडंल. नाव वाचून मला काय करायचं हाय. तुमीच या. सात बी पिच्चर परत लावू. ह्यांनी पस्तीस वर्सं मला नाव दावलं, उजेड कंदी दावला न्हाई. कुठला दिवा ह्यांनी धरल्याला, कुठल्या बाईच्या तोंडावर, ते बटन दाबून दाबून मला सांगा. तुमी वर तराफ्यावर हुता, तुमास्नी म्हाईत असंल.

माडीवरच्या प्रसेनजीतला मी सांगितलंय. सावल्या चालू करून ठेव म्हनून. मी आता वर जातीया बघाय. पाकीट खाली आल्यावर चिकटवीन.